रकाना सहावा

तलाठ्याचा फोन आला तेव्हा मी एका स्टीलच्या डब्यावर
'वास्तुशांतीनिमित्त' घालत होतो.
म्हणाला, औशाहून निघा, चष्मा आणा,
मोडी वाचणारं कुणी असलं तर त्यालाही.
मोडी मलाच येते, आजोबांच्या वहीपुरती.
उर्दूसाठी युनूसभाईला गाडीवर मागं घेतलं,
कल्हई बसल्यापासून तो रेडिएटर झाळतो.

कौठ्याची गढी म्हणजे आता नुसती पांढरी माती.
धाब्यावर टाकायला चांगली, म्हणून लोक दरसाल कुरतडतात.
यंदा जेसीबी लावला, तर दात खणकन वाजला.
धनावर नाग असतो म्हणत ड्रायव्हर आधी पळाला,
मग डिझेलचा भाव आठवून परत आला.
पालथा हंडा. हंड्याखाली परात.
परातीखाली एकात एक बसलेली भांडी,
हिरवी पडलेली,
एका कासंडीत अजून राखेची पुरचुंडी
म्हणजे कुणीतरी घासून ठेवली होती.

गढीकरांचा पणतू पुण्याहून आलेला, यशोधनराव.
चांदीचं काही?
नाही.
त्यानं सावलीत जाऊन फोन लावला.

आम्ही चिंच मागवली. घासत गेलो, वाचत गेलो.
सोनाबाई भ्र. माणकोबा साळी.
धोंडाबाई भ्र. नामाजी तेली, गडवा, काठ चेपलेला.
तांब्या, मामाकडून, फसली तेराशे बावन्न.
युनूसभाई बधन्याची तोटी फिरवून म्हणाला,
करीमुन्निसा. पुढचं गंजानं खाल्लंय.
सदतीस नग.
त्यांत गढीचं नाव एकट्या ओगराळ्यावर.
वाढायचं ते त्यांचं, बाकी सगळी ताटं दुसऱ्यांची.

वेशीबाहेरचं एकही नाव नाही.
त्यांची मडकी होती.
मातीत गेली ती मातीच झाली,
त्यांचा पंचनामा कोण करणार.

मी म्हणालो, पोलीस अॅक्शनच्या साली जपायला दिली असतील,
गढीच्या भिंती जाड.
युनूसभाई म्हणाला, किंवा गहाण.
किंवा माणसं निघून गेली आणि घरं उघडी होती.
हे तो बधन्याकडे बघत म्हणाला, माझ्याकडे नाही.
मग आम्ही बराच वेळ नुसतं घासत राहिलो.
तलाठ्याच्या फॉर्मवर सहावा रकाना: मालक.
त्यात बोटभर जागा.

शेवटी निघाली एक वाटी.
काशाची, तळहाताच्या खळग्यात मावेल एवढी.
अक्षर बघितलं आणि हात थांबला.
छिन्नीचे ठिपके असे, मुंगीनं मुंगीमागं जावं तसे,
आणि 'चि'ची वेलांटी शेपटीशी जरा वळवलेली.
ही खोड आजोबांची. मला ती मोडता आली नाही,
मशीन आलं तरी माझा हात तिथं वळतोच.

'चि.'
आणि पुढं काही नाही.
घासून पाहिलं, उन्हाला तिरपी धरून पाहिली.
चार अक्षरं बसतील एवढी जागा सोडलेली.
बारशाच्या आधी वाटी आणून टाकली असेल कुणी,
म्हणाले असतील, नाव ठरलं की येतो.
आजोबा जागा सोडून द्यायचे,
वहीत मात्र पैसे पुढच्या खेपेला, असं लिहायचे.
ती वही माझ्याकडे आहे.
असे बाकीचे पैसे तीत पुष्कळ आहेत.

काय लिहू? तलाठ्यानं विचारलं.
उन्हं उतरली होती, त्याला साडेपाचची एसटी गाठायची होती.
युनूसभाई म्हणाला, लिहा ना, नाव नाही.

नाही नाही, मी म्हणालो.
नाव राहिलं, असं लिहा.

तो पेन झटकत थांबला.
राहिलं म्हणजे?
आहे, की घालायचं सुटलं?

मी वाटी विसळली.
चिंचेचं पाणी पांढऱ्या मातीत मुरलं,
आतला पिवळा वर आला.
म्हणालो, तसंच लिहा,
मराठीत एवढंच येतं.